शहर वाचू या : घर हवं, पण कुठं?



या आठवड्यात सुरुवातीलाच एक कोडं.

एका शहरात घरांची फार टंचाई होती. एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसं दाटीवाटीनं राहत होती. मग सरकारनं कामगारांसाठी पक्क्या, सिमेंट-काँक्रीटच्या इमारती बांधल्या. एक नाही, दोन नाही, तब्बल दोनशे सात! खोल्या तयार झाल्या, किल्ल्याही तयार झाल्या. आणि तरीसुद्धा त्यांतल्या कितीतरी खोल्यांत राहायला माणसंच येईनात. का बरं?

भुताटकी? छे! छप्पर गळत होतं? तेही नाही. मग?

थांबा, उत्तर लगेच सांगून टाकलं तर मजा काय! आधी हे शहर कोणतं ते ओळखा. काहींनी ओळखलंही असेल. शहर आपलीच मुंबई, काळ साधारण शंभर वर्षांपूर्वीचा, आणि या इमारती म्हणजे बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, आणि शिवडी अशा चार ठिकाणी त्या उभ्या राहिल्या. एकट्या वरळीतच १२१.

सरकारला घरं बांधायची वेळ का आली?

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांतून ती भराभर पसरली. माणसं घरदार सोडून गावाकडे पळाली. शहराचा कारभार पाहणाऱ्यांना तेव्हा एक गोष्ट कळून चुकली, की गरिबांची घरं वाईट असली की अख्खं शहर आजारी पडतं. १८९८ साली ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. या ट्रस्टनं रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या आणि काही चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्यातली बरीच वर्षं काढली. दोन लहानशा खोल्या, भोवती कुटुंबाचा गलबला, आणि त्यात त्यांचा अभ्यास! ‘मला स्वतंत्र खोली नाही, मग अभ्यास कसा होणार?’ असं वाटलं, की परळची ती चाळ जरूर आठवा.

पण ट्रस्टच्या चाळी पुरेशा नव्हत्या. गिरण्या वाढत होत्या. कोकणातून, घाटावरून माणसं रोज येत होती. तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, सरकारनं एक नवं खातंच काढलं. ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’, म्हणजेच बीडीडी. चाळींना नाव पडलं ते यावरून. खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठींवर गाठीमागे एक रुपया कर बसवला. ज्या कापसानं गिरण्या चालायच्या, त्याच कापसानं गिरणीकामगारांच्या घरांना हातभार लावायचा!

अशा घरांना ‘सार्वजनिक घरं’ म्हणतात. बाजारात जो जास्त पैसे देईल त्याला घर, हा साधा व्यवहार. पण शहर चालवणारी माणसं, म्हणजे बस चालवणारे, रुग्णालयात राबणारे, रस्ते झाडणारे, दुकानांत काम करणारे, यांना बाजारभाव परवडला नाही तर? त्यांनी राहायचं कुठं? म्हणून सरकार किंवा नगरपालिका स्वतः घरं बांधते आणि परवडेल अशा भाड्यानं किंवा किमतीला देते. म्हाडाची सोडत निघाली, की तुमच्या घरीही वर्तमानपत्र उघडून चर्चा होत असेल ना? ‘अत्यल्प उत्पन्न गट’, ‘अल्प उत्पन्न गट’ हे शब्द तिथलेच.

आता कोड्याचं उत्तर

बीडीडी चाळ दिसायला कशी? तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या. म्हणजे एका चाळीत किती? बरोबर, ऐंशी. एकेक खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सगळ्यांना सामाईक. घर लहानच, पण पक्कं.

आता १९२५च्या सुमाराच्या एका गिरणीकामगाराचा विचार करा. पहाटे भोंगा वाजला की गिरणीच्या दारात हजर व्हायचं. उशीर झाला की मजुरी बुडाली. घड्याळ घरात नाही, खिशात ट्रामच्या भाड्याचे पैसे रोज असतीलच असं नाही. तो गिरणीत जायचा पायी. संध्याकाळी दमून परत यायचा, तोही पायी. मग त्याला घर कुठं हवं असणार? गिरणीजवळ!

आणि त्या काळची वरळी कशी होती? आजची गजबजलेली वरळी डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हा तो भाग शहराच्या टोकाला, एका बाजूला पडलेला होता. जवळपास बाजार नाही, रस्त्यावर पुरेसे दिवे नाहीत, गिरण्या लांब. त्यात भाडंही कामगाराला जड वाटणारं. मग त्यानं साधा हिशेब केला. जुन्या चाळीत दहाजणांत झोपेन, पण भोंगा ऐकू येईल अशा अंतरावर राहीन! नव्या, पक्क्या खोल्या म्हणूनच रिकाम्या राहिल्या. पुढे सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सरकारला सत्याग्रही ठेवायला तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा वरळीच्या चाळींचा चक्क तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. घरं बांधली कामगारांसाठी, आणि राहायला आले कोण? तर सत्याग्रही कैदी!

तेव्हा कोड्याचं उत्तर हे, की घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. त्या घरातून कामावर, शाळेत, बाजारात, दवाखान्यात कसं जाता येतं, तेही घरातच धरायचं असतं.

पुढे शहर वाढत वाढत वरळीपर्यंत पोचलं. बेस्टच्या बसगाड्या आल्या. शाळा, दुकानं, खानावळी, व्यायामशाळा आल्या. मग त्याच खोल्या अशा भरल्या, की पाय ठेवायला जागा राहिली नाही! जांबोरी मैदानाभोवतीच्या चाळींत गणपती, दहीहंडी, कबड्डी यांनी वर्ष कसं सरायचं ते कळायचंही नाही. गॅलरीत उभं राहून हाक मारली, की चार जण बाहेर डोकावत. शेजारच्या काकूंनी पोराला जेवायला घातलं नाही असा दिवस विरळा. भांडणंही होत, पाण्यावरून तर हमखास. पण आजारपणात रात्री दोन वाजता दार वाजवलं, तर ते उघडेल याची खात्री असे.

त्याच वेळी, दूर व्हिएन्नात

आता नकाशाचं पुस्तक काढा आणि युरोपात ऑस्ट्रिया शोधा. तिची राजधानी व्हिएन्ना, डॅन्यूब नदीच्या काठी. गंमत अशी, की मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या त्याच दशकात व्हिएन्नाची नगरपालिकाही कामगारांसाठी घरं बांधत होती.

तिथली जुनी घरं कशी होती, ऐका. अंधाऱ्या खोल्या, आणि पाण्याचा नळ घरात नाही, तर बाहेरच्या व्हरांड्यात, सगळ्यांना मिळून एक. त्या नळाला तिथले लोक ‘बासेना’ म्हणत. नळावर बायका पाणी भरायला जमायच्या आणि साऱ्या इमारतीच्या बातम्या तिथंच कळायच्या. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या चाळीतला नळ आणि त्यांचा बासेना, दोघं सख्खे भाऊच!

पहिल्या महायुद्धानंतर तिथं घरांची हलाखी फारच वाढली. तेव्हा नगरपालिकेचा आर्थिक कारभार पाहणारे ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ साली घरांवर एक खास कर बसवला. ज्याचं घर लहान त्याला अगदी किरकोळ कर. ज्याचा मोठा बंगला त्याला भला मोठा कर. या पैशातून नगरपालिकेनं जमिनी घेतल्या आणि घरं बांधली. किती? १९२३ ते १९३४ या काळात साठ हजारांहून जास्त! बांधकामाचा खर्च करातून निघाल्यामुळे भाडं अगदी कमी ठेवता आलं. देखभालीपुरतं, म्हणा ना.

यांतली सगळ्यांत प्रसिद्ध इमारत ‘कार्ल मार्क्स होफ’. ‘होफ’ म्हणजे अंगण, चौक. कार्ल एन नावाच्या वास्तुशिल्पकारानं तिचा आराखडा केला. १९२७ साली काम सुरू झालं आणि १९३० साली ती उभी राहिली. तिची लांबी एक किलोमीटरहून जास्त आहे! ट्रामनं जाऊ लागलात तर इमारत एकच, पण थांबे चार. तिच्यात १,३८२ घरं. प्रत्येक घरात स्वतःचा नळ आणि स्वतःचा संडास. व्हरांड्यातल्या बासेनावर रांग लावण्यातून सुटका झाली, याचा आनंद तिथल्या आयांना केवढा झाला असेल, विचार करा!

पण खरी शहाणपणाची गोष्ट पुढेच आहे. एवढी मोठी जागा हाताशी असताना त्यांनी इमारत बांधली ती जागेच्या जेमतेम पाचव्या भागावर. बाकीची जागा बागा आणि मोकळी अंगणं. आवारातच दोन मोठी धुलाईघरं, दोन स्नानगृहं, बालवाड्या, वाचनालय, दातांचा दवाखाना, औषधांचं दुकान. (धुलाईघरात पुरुषांना मात्र प्रवेश नव्हता. कपडे धुणं हे बायकांचंच काम, ही समजूत तिथंही होतीच!)

आणि समोर काय? रेल्वे स्टेशन! हायलिगनश्टाट हे स्टेशन शहरी रेल्वेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच तयार झालेलं होतं. कामगार घरातून निघाला, रस्ता ओलांडला, की गाडीत. वरळीच्या खोल्या रिकाम्या का राहिल्या आणि व्हिएन्नाच्या का भरल्या, याचं निम्मं उत्तर या स्टेशनात आहे. आजही तिथं भुयारी रेल्वेचा यू-४ मार्ग येऊन थांबतो, आणि इमारतीला लागून ट्राम धावते.

या इमारतीनं वाईट दिवसही पाहिले. १९३४च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियात यादवी पेटली. कामगार या इमारतीत ठाण मांडून लढले, आणि सरकारी सैन्यानं राहत्या घरांवर तोफा डागल्या. तिच्यावरचे घाव पुढे दुरुस्त झाले. आजही तिथं माणसं राहतात, मुलं अंगणात खेळतात.

आधी गाडी, मग घरं!

व्हिएन्नात आजही सुमारे निम्मी माणसं नगरपालिकेच्या किंवा सरकारी मदतीनं बांधलेल्या घरांत राहतात. त्यांत शिक्षकही आहेत, ड्रायव्हरही आणि डॉक्टरही. त्यामुळे ‘तो सरकारी घरात राहतो’ असं म्हणून कोणी नाक मुरडत नाही. सगळं छान छान आहे असंही नाही हं. तिथंही घरासाठी प्रतीक्षायादी आहे, आणि शहर वाढतंच आहे.

वाढत्या शहरासाठी त्यांनी काय केलं? शहराच्या कडेला आस्पर्न नावाचा एक जुना विमानतळ होता. तिथं ‘झेश्टाट’, म्हणजे तळ्याकाठचं गाव, वसवायला घेतलं. मधोमध तळं खोदलं. रस्त्यांना बहुतेक नावं दिली ती कर्तबगार स्त्रियांची. मुलींनो, आपल्या गावातल्या रस्त्यांची नावं आठवा आणि त्यांत स्त्रियांची किती ते मोजा बरं!

पण आपल्याला महत्त्वाची गोष्ट ही : भुयारी रेल्वेचा यू-२ मार्ग तिथं पोचला २०१३च्या ऑक्टोबरात, आणि पहिली कुटुंबं राहायला आली ती २०१४ साली. म्हणजे माणसं येण्याआधी गाडी! पहिल्या काही महिन्यांत गाडी किती रिकामी जात असेल! कुणी म्हणालंही असेल, ‘हा काय वेडेपणा?’ पण विचार करा. माणूस नव्या जागी राहायला गेला आणि तिथं बस-रेल्वे नसेल, तर तो काय करतो? कर्ज काढून स्कूटर नाहीतर मोटार घेतो. एकदा मोटार दारात आली, की मागाहून बस आली तरी तो बसनं जात नाही. म्हणून गाडी आधी!

शिवाय तिकीटही परवडायला हवं. व्हिएन्नात २०१२ पासून २०२५ संपेपर्यंत वर्षभराचा पास ३६५ युरोंना मिळत असे. दिवसाला एक युरो! त्यात बस, ट्राम, भुयारी रेल्वे, सगळं आलं. २०२६ पासून पास महागला, पण बस-ट्रामची सवय एका पिढीच्या अंगवळणी पडून गेली होती.

आशियातही असं एक शहर आहे, सिंगापूर. तिथं १९६० साली घरबांधणी मंडळ स्थापन झालं. पुढच्याच वर्षी बुकित हो स्वी या झोपडवस्तीला भयंकर आग लागली आणि सुमारे सोळा हजार माणसं एका दिवसात उघड्यावर आली. मंडळानं त्यांना साधारण वर्षभरात पक्की घरं दिली. आज सिंगापूरची तीन-चतुर्थांशाहून जास्त लोकवस्ती मंडळाच्या घरांत राहते. तिथल्या पुष्कळ इमारतींत तळमजला मुद्दाम रिकामा सोडलेला असतो. लग्न असो, कुणाचं निधन असो, म्हाताऱ्यांचा बुद्धिबळाचा डाव असो, सगळं तिथंच. आपल्या चाळीच्या चौकाचा चुलतभाऊच! आणि १९८९ पासून तिथं नियम आहे, की एका वस्तीत एकाच समाजाची माणसं गोळा होता कामा नयेत. चिनी, मलय, तमिळ, सगळे शेजारी-शेजारी. बाजार, वाचनालय, बसचं आगार आणि स्टेशन वस्तीच्या मध्यावर, शक्यतो चालत जाण्याच्या अंतरात.

घर मिळालं, पण...

आपल्याकडे काय चित्र आहे? एक दुखरी गोष्ट सांगायला हवी. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या कडेनं झोपड्या होत्या. पाइपलाइनच्या सुरक्षेसाठी त्या हटवल्या, तेव्हा पुष्कळ कुटुंबांना माहुल इथल्या इमारतींत घरं देण्यात आली. पक्की घरं, मजल्यांच्या इमारती. मग तक्रार कसली? पण माहुलच्या शेजारी तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत, हवा वाईट. मुलांच्या जुन्या शाळा लांब राहिल्या, आईबाबांची कामं लांब राहिली. लोक म्हणू लागले, ‘आम्हाला इथं राहायचं नाही.’ प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०१९ साली न्यायालयानं सांगितलं, की अशा हवेत राहण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही.

शंभर वर्षांत आपण कोडं सोडवलंय की नाही, तुम्हीच सांगा!

एक छोटंसं गणित करू. समजा, तुमचं घर बदललं आणि शाळेला जायला एका बाजूनं एक तास जास्त लागू लागला. जाऊन-येऊन दोन तास. शाळेचे दिवस वर्षाला साधारण दोनशे धरू. झाले चारशे तास! शाळा रोज सहा तासांची धरली, तर हे सहासष्टांहून जास्त पूर्ण शाळेचे दिवस झाले. एवढा वेळ बसच्या खिडकीत, आणि तेही खिडकी मिळाली तर! त्यातून खेळ वजा होतो, वाचन वजा होतं, झोप वजा होते. आईचं कामही लांब पडलं, तर तिचे चारशे तास वेगळेच. घराच्या किमतीत हे तास कुणी धरतं का?

चाळीच्या जागी टॉवर

आता वरळीत परत येऊ. बीडीडी चाळींना शंभरी आली. १६० चौरस फुटांत संसार करणाऱ्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला मोठं घर हवं होतं, स्वतःचा संडास हवा होता. यात चूक काहीच नाही. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे आला. मूळ भाडेकरूंना त्याच ठिकाणी ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर, असं ठरलं. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० वरून ५००, म्हणजे तिपटीहून मोठं घर. कुणाच्या आजीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरात संडास मिळाला असेल. ही काही लहान गोष्ट नाही!

आणि त्याच ठिकाणी, हे शब्द नीट वाचा. घर मोठं झालं आणि शाळा, दवाखाना, ओळखीचा वाणी, मित्र, सगळं जवळच राहिलं. शिवाय आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, आणि तिचं आचार्य अत्रे चौक हे स्टेशन वरळी नाक्यालाच आहे. एके काळी शहराच्या टोकाला पडलेली वरळी आता गाडीच्या वाटेवर आली.

मग सगळं झालं का? नाही. दोन काळज्या उरतात. पहिली देखभालीची. चाळीला लिफ्ट नव्हती. टॉवरला लिफ्ट आहे, पंप आहेत, पहारेकरी आहेत. त्यांचा खर्च दर महिन्याला येणार. तो पेलला नाही, तर लोक मिळालेलं घर विकून लांब कुठंतरी जातील आणि पुन्हा ते चारशे तास सुरू! दुसरी काळजी शेजाराची. बंद दारांच्या टॉवरमध्ये रात्री दोन वाजता कोणतं दार वाजवायचं?

आणि बस? मेट्रो मोठ्या अंतरासाठी छान. पण आजीला चार थांब्यांवरच्या दवाखान्यात जायचं तर बसच हवी. बेस्टकडे एके काळी चार हजारांहून जास्त बसगाड्या होत्या, आता त्या बऱ्याच कमी झाल्या आहेत. २०२५च्या मे महिन्यात किमान भाडंही पाचावरून दहा रुपयांवर गेलं. घर मिळालं म्हणून टाळ्या वाजवताना, दारातली बस टिकवायलाही आवाज उठवायला हवा.

आई-बाबांसाठी दोन शब्द

तुमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बैठक असेल, किंवा तुम्ही नवं घर पाहत असाल, तर चौरस फुटांचा हिशेब तुम्ही करालच. जोडीला एवढं विचारा : बस किंवा स्टेशन चालत किती मिनिटांवर? शेवटची बस किती वाजता? संक्रमण शिबिरात जावं लागलं, तर मुलांच्या शाळेचं काय, आणि परत कधी यायचं ते लेखी मिळणार का? महिन्याचा देखभाल खर्च किती, आणि तो किती वर्षं कोण भरणार? मुलांना खेळायला जागा कागदावर आहे की जमिनीवर? आणि हो, बैठकीला मुलांनाही न्या. त्या घरात सगळ्यांत जास्त वर्षं तीच राहणार आहेत.

करून पाहा

१. शाळेच्या मैदानावर खडूनं दहा फूट बाय सोळा फुटांचा चौकोन आखा. झाली १६० चौरस फुटांची खोली! आता तुमच्या गटातल्या आठजणांनी आत बसा. स्वयंपाक कुठं, अभ्यास कुठं, आजी-आजोबा झोपणार कुठं, ते ठरवा. मग शेजारी वीस बाय पंचवीस फुटांचा चौकोन आखा आणि फरक पाहा.

२. घरापासून दहा मिनिटं चाला, म्हणजे साधारण सहाशे-सातशे मीटर. त्यात काय काय लागलं? शाळा, वाचनालय, दवाखाना, भाजीबाजार, मैदान, बसथांबा. प्रत्येकाला एक गुण द्या. सहापैकी किती मिळाले? तुमच्या वस्तीचं प्रगतिपुस्तक तयार! लहान गावात राहणाऱ्यांनीही करा. एसटीचा थांबा धरायला विसरू नका.

३. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा, ‘तुम्ही शाळेत किंवा कामावर कसे जात होता?’ मुंबईकर आजोबा कदाचित ट्रामच्या गोष्टी सांगतील. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, तेव्हा घाई करा. तिच्यात बसलेली माणसं आता थोडीच उरली आहेत.

तुमच्या वस्तीचं प्रगतिपुस्तक आम्हाला पत्रानं जरूर कळवा. सहापैकी सहा मिळाले तर त्या वस्तीचं नाव लिहा. कमी मिळाले तर काय हवंय तेही लिहा. आणि तेच पत्र नक्कल करून तुमच्या नगरसेवकांना किंवा सरपंचांना पाठवा. मुलांच्या अक्षरातलं पत्र टोपलीत टाकणं मोठ्यांना जरा जड जातं, बरं का!

पुढच्या आठवड्यात पाहू, आपल्या नळाला पाणी येतं ते नेमकं कुठून. तोवर बसमध्ये आजीला जागा द्या, आणि खिडकी मिळाली तर बाहेर पाहत राहा.